खाल्लेले रक्तापर्यंत पोहोचते का? बी-१२, जठर आणि आमच्या ताईंचा ॲनिमिया

हिमोग्लोबिन कमी आले की आपल्याकडे घरापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांचा हात आधी लोहाकडे जातो. घरात बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, पालक आणि लोखंडी कढई सुरू होते, दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या येतात, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते, कारण आपल्याकडील बायकांच्या ॲनिमियामागे लोहाची कमतरता हे फार मोठे कारण आहे. अडचण येते ती गोळ्या नेमाने घेऊनही आकडा हलत नाही तेव्हा. मग गोळीची कंपनी बदलली जाते, मात्रा वाढवली जाते, ‘खाण्याकडे लक्ष द्या’ असे बजावले जाते. परंतु रक्त कशामुळे कमी होत आहे, हा मूळ प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या आजारात हे सगळे मी फार जवळून पाहिले. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.

ताई साठी ओलांडलेल्या, राहणार पंचवटीतल्या. आमचे घर मांसाहारी आहे. श्रावण, कार्तिक, चतुर्थी-एकादशी असे पाळायचे दिवस वगळले तर घरात अंडी, मासळी, मटण नियमित होते, आणि कलेजी तर ताईंच्या विशेष आवडीची. दूध-दही रोजचे. त्यामुळे ‘खाण्यात कमी पडले’ हे त्यांच्या बाबतीत कोणालाही म्हणता येण्यासारखे नव्हते. तरीही त्यांना जिना चढताना धाप लागू लागली, दुपारी आडवे झाल्याशिवाय निभेना, आणि जीभ इतकी हुळहुळी झाली की साध्या वरणातली मिरचीसुद्धा सोसवेना. त्यांची जीभ मी एकदा उजेडात नीट पाहिली. जिभेवर असतो तो खरखरीतपणा पूर्ण नाहीसा होऊन ती लालभडक आणि काचेसारखी गुळगुळीत दिसत होती. चेहरा फिकट होता, पण त्या फिकटपणात किंचित पिवळी झाक होती, म्हणून मध्यंतरी काविळीचीही शंका घेऊन झाली. लोहाच्या गोळ्या तर आधीपासून चालूच होत्या.

पायांची तक्रार मात्र रक्ताशी कोणी जोडली नाही. तळव्यांना मुंग्या येत, मोजे घातल्यासारखे वाटे. नाशिकची थंडी कडक असते, म्हणून ते आधी थंडीवर गेले, मग वयावर, मग मणक्यावर. पुढे पुढे चालताना पायातली चप्पल मागे राहून गेली तरी त्यांना कळत नसे. कार्तिकात काळाराम मंदिरात काकड आरतीला जाण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नेम आहे. त्या वर्षी पहाटेच्या अंधारात त्या भिंतीला हात लावत लावत चालत, आणि उजाडल्यावर परत येताना मात्र बऱ्यापैकी नीट येत. बेसिनशी उभ्या राहून तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जाई, म्हणून एका हाताने बेसिन धरूनच त्या तोंड धूत. हे सगळे ऐकताना वेगवेगळे वाटते, पण त्यामागे एकच कारण होते. पाय कुठे आहे, कसा पडला आहे, ही खबर मेंदूपर्यंत नेणारे मज्जारज्जूचे मागचे पट्टे निकामी होऊ लागले की माणूस ती उणीव डोळ्यांनी भरून काढतो. अंधार झाला किंवा डोळे मिटले की तो आधार जातो आणि तोल सुटतो.

शेवटी शहरातल्या एका एम.डी. डॉक्टरांकडे त्यांना नेले. त्यांनी सर्वांत आधी काय केले असेल, तर जुने रिपोर्ट मागितले आणि ते तारखेप्रमाणे लावले. हिमोग्लोबिनच्या आकड्याकडे त्यांनी ओझरते पाहिले आणि त्याच्या काही ओळी खाली असलेल्या एमसीव्ही या आकड्यावर बोट ठेवले. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. ते साधारणपणे ८० ते १०० फेमटोलिटर असते. लोह कमी पडले तर पेशी लहान होतात आणि हा आकडा ८० च्या खाली घसरतो. ताईंच्या रिपोर्टांत तो सतत शंभराच्या वर होता आणि दर खेपेला वाढत गेला होता; शेवटच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ६.४ आणि एमसीव्ही ११८ होता. लोहाच्या कमतरतेने पेशी मोठ्या होत नाहीत. म्हणजे दिशा चुकली आहे, हे कागदावर छापून येत होते, साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीच्या, रिपोर्टात, कोणतीही महागडी तपासणी न करता. याचे मला आजही फार वाईट वाटते, आणि हा लेख लिहिण्याचे एक कारण तेच आहे.

पेशी अशा मोठ्या होतात त्या अनेकदा बी-१२ किंवा फोलेट या जीवनसत्त्वांच्या कमतरतेने. एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. एमसीव्ही शंभराच्या आत आहे म्हणून बी-१२ ची कमतरता नाही, असे मात्र म्हणता येत नाही. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर एक पेशींना लहान करते, दुसरे मोठे, आणि सरासरी मधोमध कुठेतरी दिसते. आपल्याकडे अशी जोडकमतरता पुष्कळांना असते. शिवाय बी-१२ अभावी नसांनाही इजा होते, आणि काही रुग्णांत रक्त चांगले असतानाच तो त्रास सुरू होतो. बीटा थॅलॅसिमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा गुण असणाऱ्यांच्या पेशी मुळातच लहान असतात, तेही लक्षात ठेवावे लागते.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे पॅथॉलॉजिस्ट बाईंनी रक्ताची काच मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहू दिली. एरवी गोल, मधे फिकट असणाऱ्या तांबड्या पेशी तिथे मोठ्या, अंडाकृती आणि काठोकाठ भरलेल्या दिसत होत्या. त्यांच्यामध्ये एक पांढरी पेशी होती. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला साधारण तीन-चार खंड असतात. या पेशीत ते सहा होते आणि बारीक धाग्यांनी एकमेकांना जोडलेले, द्राक्षाच्या छोट्या झुबक्यातले मणी देठाला लोंबावेत तसे. पेशी विभागण्यासाठी डीएनए तयार व्हावे लागते, त्या कामाला बी-१२ आणि फोलेट दोन्ही लागतात. ते नसले की पेशीचा बाकीचा ऐवज वाढत राहतो, विभाजन मात्र अडते, आणि अशा अर्धवट घडलेल्या पेशींपैकी पुष्कळशा अस्थिमज्जेतच फुटून जातात. त्या फुटण्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य रक्तात थोडे वाढते. ताईंच्या चेहऱ्यावरची पिवळी झाक तिथून आली होती; यकृताचा त्यात काही दोष नव्हता.

डॉक्टरांनी मग ट्यूनिंग फोर्क ठोकून ताईंच्या पायाच्या घोट्यावर, हाडाच्या उंचवट्यावर टेकवला. “मावशी, थरथर जाणवतेय का?” ताई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “काहीतरी ठेवलंय ते कळतं. थरथर काही नाही.” तोच फोर्क मनगटाच्या हाडावर ठेवला तेव्हा त्यांनी चटकन मान हलवली. बी-१२ ची पातळी तपासायला रक्त गेले आणि उत्तर आले ते यंत्र मोजू शकते त्या खालच्या मर्यादेच्याही खाली. साधारणपणे मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली गेले की कमतरता धरतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा असतो, आणि तिथे मिथिलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे पदार्थ, तपासून निर्णय करता येतो.

इतके झाल्यावर घरात सगळ्यांचा एकच प्रश्न होता: इतकी कलेजी खाणाऱ्या बाईला बी-१२ कमी कसे?

याचे उत्तर समजायला घास पोटात गेल्यावर काय होते ते पाहावे लागते. अन्नातले बी-१२ प्रथिनांना घट्ट चिकटलेले असते. जठरातले आम्ल आणि पेप्सिन हे पाचक द्रव्य त्याला मोकळे करतात. मोकळे झाल्यावर लाळेतून आलेले एक प्रथिन त्याला धरते आणि आम्लापासून सांभाळते. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचे पाचक रस हे प्रथिन तोडतात आणि बी-१२ पुन्हा मोकळे होते. आता त्याला दुसरे एक प्रथिन धरते, ज्याला इन्ट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात. ते तयार होते जठराच्या भित्तिकेतल्या पेशींत, म्हणजे ज्या पेशी आम्ल बनवतात त्यांच्यातच, पण त्याचे काम चालते आतड्यात. ही जोडी सगळे लहान आतडे पार करून त्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत जाते, आणि फक्त तिथे तिला आत घेणारी जागा असते. इतकी पायऱ्यापायऱ्यांची वाट क्वचितच दुसऱ्या एखाद्या जीवनसत्त्वाला असेल. यातली एक पायरी मोडली तरी ताटातले बी-१२ शरीरातून तसेच बाहेर जाते.

ताईंची मोडली होती ती इन्ट्रिन्सिक फॅक्टरची पायरी. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच जठराच्या पेशींवर उलटते, त्या पेशी हळूहळू नाहीशा होतात, आम्ल घटते आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टर संपतो. यालाच पर्निशस ॲनिमिया म्हणतात. रक्तात इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धची प्रतिपिंडे सापडली की निदान जवळजवळ पक्के होते. न सापडली तरी आजार नाही असे ठरत नाही, कारण पुष्कळ रुग्णांत ती सापडत नाहीत. ताईंच्या रक्तात ती सापडली. त्यांना थायरॉइडची गोळी बरीच वर्षे चालू आहे आणि त्यांच्या माहेरी एका बहिणीला कोड आहे. थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार, कोड, लहान वयातला मधुमेह आणि पर्निशस ॲनिमिया हे एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा दिसतात. डॉक्टरांनी कुटुंबाचा इतिहास इतक्या खोदून का विचारला, ते आम्हाला तेव्हा उमगले.

आणि हे सारे इतक्या उशिरा का कळले? निरोगी माणसाच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅम बी-१२ साठलेले असते आणि रोजची गरज असते जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. आवक पूर्ण बंद झाली तरी साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे आजार कधी सुरू झाला, हे रुग्णालाही सांगता येत नाही. माणूस दमणुकीला सरावतो आणि तीच आपली प्रकृती समजू लागतो.

या आजाराचा इतिहास मी नंतर वाचला आणि त्यातला एक भाग इथे सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. थॉमस ॲडिसन या लंडनच्या डॉक्टरांनी १८४९ मध्ये या आजाराचे वर्णन केले, आणि त्यानंतर पाऊणशे वर्षे त्यावर उपाय नव्हता. निदान म्हणजे मृत्यूच. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी रक्त काढून ॲनिमिया केलेल्या कुत्र्यांना यकृत खाऊ घातले, ते सुधारले. त्यावरून बोस्टनच्या जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी रुग्णांना रोज पाव किलोच्या जवळपास यकृत खायला लावले आणि १९२६ मध्ये ४५ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मरणाच्या दारातली माणसे उठून बसली. तिघांना १९३४ चे नोबेल मिळाले. व्हिपल यांची कुत्री मुख्यतः यकृतातल्या लोहाने सुधारली होती आणि मायनट-मर्फींचे रुग्ण बी-१२ ने, हे नंतर स्पष्ट झाले. लोह आणि बी-१२ यांची ही गल्लत इतकी जुनी आहे. मायनट स्वतः मधुमेही होते आणि नुकत्याच निघालेल्या इन्सुलिनमुळे जिवंत राहिले होते.

पण यकृत खाऊन रुग्ण का बरे होतात, हे कोणाला सांगता येत नव्हते. त्या प्रश्नाला हात घातला विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरांनी. त्यांनी विचार केला की निरोगी माणसाला पाव किलो यकृत लागत नाही, म्हणजे निरोगी जठरात असे काहीतरी असले पाहिजे, जे या रुग्णांत नाही. ते स्वतः जेमतेम भाजलेले गोमांस खात, तासाभराने घशात बोट घालून ते बाहेर काढत, उबेत ठेवून पातळ होऊ देत आणि नळीवाटे रुग्णाच्या पोटात सोडत. नुसते मांस दिले तेव्हा रुग्णात फरक पडला नाही. नुसता जठररस दिला तेव्हाही नाही. दोन्ही एकत्र दिले तेव्हा सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. १९२९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. अन्नातला एक घटक आणि जठरातला एक घटक, दोन्ही हवेत, हे त्यातून सिद्ध झाले. अन्नातला घटक म्हणजे बी-१२, तो १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती लागला, आणि त्याची रचना क्ष-किरणांनी उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ चे नोबेल मिळाले.

मग जठराचा घटक नसलेल्या मायनटांच्या रुग्णांना यकृत लागू कसे पडले? बी-१२ चा साधारण एक टक्का भाग कोणत्याही मदतनिसाशिवाय, नुसता पाझरून आतड्यातून आत जातो. बैलाच्या किंवा गाईच्या यकृतात शंभर ग्रॅमला साठ मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त बी-१२ असते. पाव किलोचे दीडशे धरा. त्याचा एक टक्का म्हणजे दीड मायक्रोग्रॅम, तेही रोज. जगण्यापुरते तेवढे होत असे. ताई आठवड्यातून एखाद्या वेळी कलेजीच्या चार फोडी खात. त्याचा एक टक्का म्हणजे न मिळाल्यासारखेच. घरातल्यांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा कुठे ‘खाऊन-पिऊन असं कसं झालं’ हा सूर थांबला.

महाराष्ट्रात हा आजार झाकला जाण्याचे आणखी एक कारण आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. आहारातून बी-१२ कमी मिळणे हे आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षे काम केले आहे. वनस्पती बी-१२ तयार करत नाहीत. मोड आलेली कडधान्ये, आंबवलेली पिठे, पालेभाज्या यांत ते भरवशाचे नसते, आणि स्पिरुलिनात जे असते ते बहुतांशी शरीराला निरुपयोगी असे त्याचे नकली रूप असते. शाकाहारी माणसाला मुख्य आधार दूध-दह्याचा, आणि एक पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. त्यामुळे बी-१२ कमी आले की ‘शाकाहारी आहात, म्हणून’ असे उत्तर तयारच असते आणि बहुधा ते खरेही असते. परंतु त्यामुळेच शाकाहारी माणसाचे जठर किंवा आतडे बिघडले असेल, तर त्याचा कोणाला संशय येत नाही. ताई मांसाहारी असल्यामुळे निदान प्रश्न तरी उभा राहिला. त्याच गल्लीतल्या एखाद्या माळकरी बाईंना हाच आजार असता, तर त्यांना बी-१२ च्या साध्या गोळ्या देऊन घरी पाठवले गेले असते आणि गोळ्या का लागू पडत नाहीत हे कोणी पाहिले नसते, अशी मला खरोखर भीती वाटते. आहारातली कमतरता असेल तर पुरेशा गोळ्यांनी पातळी सुधारते आणि सुधारलेली राहते. गोळ्या बंद केल्यावर, आहार ठीक असूनही, ती पुन्हा कोसळत असेल, किंवा नसांची लक्षणे असतील, तर शोषणाचा तपास व्हायलाच हवा.

शोषण बिघडण्याची कारणेही एकच नाहीत. जठराची शस्त्रक्रिया झालेली असणे, लठ्ठपणासाठी केलेली बायपास, आतड्याचा शेवटचा भाग काढावा लागणे, क्रोन्ह हा आतड्याच्या दाहाचा आजार, आणि आपल्याकडे विशेष म्हणजे आतड्याचा क्षय, जो नेमका त्या शेवटच्या भागालाच बऱ्याचदा धरतो. उष्ण प्रदेशातला स्प्रू आणि सिलिॲक हे आतड्याचे आजार आहेत, जठरातला हेलिकोबॅक्टर हा जंतू आहे. आमचे थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू आहे आणि जोडीला ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी. मेटफॉर्मिनने आतड्यातले शोषण कमी होते, आणि आम्ल दाबणाऱ्या गोळीने अन्नाला चिकटलेले बी-१२ सुटत नाही. ताईंच्या निमित्ताने दादांचीही तपासणी झाली आणि पातळी संशयाच्या पट्ट्यात निघाली. त्यांच्या पायांच्या मुंग्या आजवर शुगरच्या खात्यावर जमा होत होत्या. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नये, हे त्यांना डॉक्टरांनी निक्षून सांगितले. पातळी ठराविक काळाने तपासत राहायची आणि लागेल तसे बी-१२ द्यायचे, इतकेच.

ताईंचे उपचार सुरू झाले तेव्हा ‘आधी रक्ताच्या बाटल्या लावा’ असा नातेवाइकांचा आग्रह होता. डॉक्टरांनी तो मानला नाही. हिमोग्लोबिन हळूहळू उतरले असेल तर हृदयाने त्याच्याशी जुळवून घेतलेले असते; अशा वयात एकदम रक्त चढवले तर हृदयावर भार येऊन फुफ्फुसात पाणी साठू शकते. छातीत दुखणे किंवा हृदय हार मानत असल्याची चिन्हे नव्हती, म्हणून त्यांनी थेट इंजेक्शने सुरू केली, आधी लागोपाठ, मग आठवड्याला, मग महिन्याला. गडद तपकिरी काचेतून सुईत ओढलेले ते औषध लालभडक दिसते. तो रंग बी-१२ च्या रेणूच्या मधोमध बसलेल्या कोबाल्टशी निगडित आहे. काच गडद असते ती उजेडाने औषध खराब होऊ नये म्हणून. पहिल्या दिवसांत पोटॅशियम तपासत राहावे लागले, कारण नव्या पेशी झपाट्याने तयार होताना ते रक्तातून ओढून घेतात.

आठवड्याच्या आत नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींचा आकडा उसळला. त्याही आधी ताईंनी स्वतःहून जेवायला मागितले. जीभ निवली. साधारण दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ठिकाणावर आले. पुढे एमसीव्ही सामान्य होता होता लोहाचा साठा अपुरा आहे, हेही उघड झाले. हे अपेक्षितच असते, कारण अडून बसलेले रक्तनिर्माण सुरू झाले की लोह खर्ची पडते, आणि आम्ल नसलेल्या जठरामुळे लोहही नीट शोषले जात नाही. तेव्हा त्यांना लोह देण्यात आले, आणि या वेळी ते योग्य जागी होते.

पायांचे मात्र सगळे परत आलेले नाही. तोल पुष्कळ सुधारला, चप्पल पायात राहते. घोट्यावरची थरथर अजूनही मंदच जाणवते. नसांची दुरुस्ती महिनोनमहिने चालते आणि उशीर जितका जास्त, तितके हाती कमी लागते. रक्ताचे नुकसान भरून निघते, मज्जारज्जूचे पूर्ण निघेलच असे नाही. म्हणून पायांच्या मुंग्या आणि फिकटपणा एकत्र दिसला तर थांबू नये, असे मी आता भेटेल त्याला सांगते.

फोलिक ॲसिडबद्दल, म्हणजे फोलेटच्या औषधी रूपाबद्दल, सांगायलाच हवे, कारण त्याचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर बायकांच्या, मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचा त्यांनी अभ्यास केला. दिसायला तो पर्निशस ॲनिमियासारखाच, पण वेगळा होता, आणि यीस्टच्या अर्काने बरा होत होता. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. तो अर्कातला घटक म्हणजे फोलेट. पुढे फोलिक ॲसिड हाती आल्यावर ते पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांनाही देऊन पाहिले गेले. रक्त सुधारले, पण नसा मात्र ढासळत गेल्या. लोहाच्या पुष्कळ गोळ्यांत फोलिक ॲसिड असते, आणि ते नुसतेही जास्त मात्रेत सर्रास दिले जाते. गरोदरपणात ते अत्यावश्यक आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु मोठ्या पेशींचा ॲनिमिया असताना बी-१२ न तपासता एकटे फोलिक ॲसिड देणे धोक्याचे आहे. रिपोर्टातला आकडा चढतो आणि आत मज्जारज्जू झिजत राहतो.

ताईंची एंडोस्कोपीही झाली. जठराचे अस्तर विरळ झालेले होते, गाठ वगैरे काही नव्हती. अशा जठरात कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला असतो, म्हणून ती तपासणी महत्त्वाची. इंजेक्शन आता कायमचे आहे. ‘सवय लागेल’ असे शेजारपाजारचे म्हणतात. त्यावर ताई शांतपणे सांगतात की थायरॉइडची गोळी जशी रोजची, तसे हे महिन्याचे. रोज एक हजार मायक्रोग्रॅमची गोळी घेऊनही एक टक्क्याच्या हिशेबाने दहा मायक्रोग्रॅम आत जातात आणि कित्येकांचे त्यावर भागते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. पण नसांना इजा झालेली असल्याने सध्या इंजेक्शनच चालू ठेवायचे ठरले.

एक अडचण मध्यंतरी आली. ताई काही दिवस लेकीकडे छत्रपती संभाजीनगरला होत्या. तिथे एका दवाखान्यात बी-१२ ची पातळी तपासली गेली, ती अर्थातच भरपूर वर आली, आणि ‘आता गरज नाही’ असे सांगून इंजेक्शन थांबवण्याचा सल्ला मिळाला. पातळी वर होती ती इंजेक्शनमुळेच. जठर दुरुस्त झालेले नव्हते आणि होणारही नाही. सुदैवाने लेकीने फोन करून विचारले. त्यानंतर आम्ही ताईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि खाली डॉक्टरांची सही-शिक्का घेतला: निदान, प्रतिपिंडांच्या तपासणीची तारीख, इंजेक्शनची मात्रा आणि किती दिवसांनी द्यायचे ते, शेवटचे इंजेक्शन कधी दिले तो रकाना, आणि सर्वांत वर लाल शाईने एक ओळ, की बी-१२ ची पातळी चांगली दिसली तरी इंजेक्शन बंद करू नये. त्या पानाची एक प्रत लेकीकडे आहे, एक माझ्याकडे, आणि एक घडी करून ताईंच्या पर्समध्ये, आधार कार्डाच्या मागे.